वाचकांचे प्रश्न : मतदारांनी मंडळ बदलले, मग न्यायालय कशाला?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात राहते आणि नातू यंदा नववीत गेला आहे. तिथे शाळांचा कारभार स्थानिक लोकांनी निवडून दिलेले मंडळ पाहते. डोव्हर नावाच्या गावात अशा मंडळाने जीवशास्त्राच्या तासात धर्माकडे झुकणारा मजकूर आणला आणि न्यायालयाने तो रद्द केला, असे ती सांगते. पण निकालाआधीच मतदारांनी त्या मंडळाला घरी बसवले होते म्हणे. मग न्यायालयाने मध्ये पडण्याची गरज काय होती?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याकडे ‘बोर्ड’ म्हटले की दहावी-बारावीची परीक्षा घेणारे राज्य मंडळ डोळ्यांसमोर येते. तिकडचे स्कूल बोर्ड ही अगदी वेगळी, लोकनियुक्त संस्था असते, आणि लोकांनी निवडलेल्यांचा निर्णय कोणीही न निवडलेल्या न्यायाधीशाने का फिरवावा, ही आपली शंका मला रास्त वाटते. तरीही डोव्हरच्या बाबतीत न्यायालयाने योग्य तेच केले, असे माझे मत आहे.

त्या मंडळाने १८ ऑक्टोबर २००४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला आणि त्यानुसार नववीच्या वर्गात वाचण्यासाठी एक निवेदन तयार झाले. डार्विनचा सिद्धान्त हे सिद्ध झालेले तथ्य नाही, ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे जीवसृष्टीच्या उगमाचे वेगळे स्पष्टीकरण आहे, आणि ज्यांना ते जाणून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी एक पुस्तक उपलब्ध आहे, असा त्याचा आशय होता. सजीवांची घडण कोणा बुद्धिमान कर्त्यावाचून शक्य नाही, असे हे मत मानते. विज्ञानाच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला नकार दिला, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातील अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचले. तत्पूर्वीच ११ पालकांनी दावा दाखल केला होता.

न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी केली होती, त्यामुळे त्यांच्यावर डावेपणाचा शिक्का मारणे सोपे नव्हते. सुमारे सहा आठवडे त्यांनी साक्षी ऐकल्या, आणि त्यांतला एक पुरावा तर मासलेवाईक होता. ‘सृष्टिनिर्मितीचे विज्ञान’ शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियाना राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता. शिफारस केलेल्या त्या पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांमध्ये, त्या निकालानंतर, ‘निर्मितिवादी’ या अर्थाचा शब्द काढून ‘डिझाइनचे पुरस्कर्ते’ असे घालण्यात आले होते, आणि एके ठिकाणी जुना शब्द पुरता न खोडल्यामुळे दोन्ही एकमेकांत अडकून राहिले होते! पुस्तकांसाठी एका सदस्याने आपल्या चर्चमध्ये पैसे गोळा केल्याचेही उघड झाले. २० डिसेंबर २००५ च्या १३९ पानी निकालात मंडळाचा हेतू धार्मिक असल्याचे आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे विज्ञान नसल्याचे नमूद झाले.

आता आपल्या मुद्द्याकडे येतो. निवडणुकीला उभे राहिलेले मंडळाचे आठही सदस्य ८ नोव्हेंबर रोजी हरले, हे खरे आहे. परंतु मंडळावर कोण बसणार, एवढेच निवडणुकीने ठरते, आधीचा ठराव वैध होता की नाही, हे तिच्यातून ठरत नाही, आणि पुढच्या निवडणुकीत पारडे पुन्हा फिरले असते तर तेच निवेदन परत आणण्यास कोणतीही आडकाठी उरली नसती. शिवाय ज्या कुटुंबाचे मत गावात अल्पसंख्य आहे, त्याने बहुमताची वाट किती वर्षे पाहायची? मुलगा तेवढ्यात शाळा संपवून बाहेर पडतो. मूलभूत हक्क मतदानाला टाकता येत नाहीत, असे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्येच सांगितले होते, आणि तो खटलाही शाळेतल्या ध्वजवंदनाच्या सक्तीचाच होता.

याचा अर्थ न्यायालयाने अभ्यासक्रम आखावा, असा मात्र नाही. १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच एका खटल्यात शाळेतील बायबलचे रोजचे वाचन घटनाबाह्य ठरले. त्याच निकालात साहित्य किंवा इतिहास म्हणून बायबलचा तटस्थ अभ्यास करण्यास हरकत नसल्याचेही म्हटले होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणाला असलेली घटनेच्या २८ व्या कलमातील बंदी विचारात घेऊन, विविध धर्मांची माहिती देण्यास मुभा दिली.

मला अडचण वाटते ती अलीकडच्या एका निकालाची. मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीच्या मंडळाने समलिंगी पात्रे असलेली गोष्टींची पुस्तके वर्गात आणली आणि मुलांना त्या तासांतून सूट देणे बंद केले. त्यावर मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक न्यायालयात गेले, आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी, खटला चालू असेपर्यंत पालकांना आगाऊ सूचना आणि मुलांना सूट द्यावी, असे सांगितले. डोव्हरमध्ये मंडळ स्वतःच धर्म शिकवू पाहत होते. इथे ते एका कुटुंबाच्या श्रद्धेला न पटणारे काही शिकवत होते. पहिल्या प्रकारात न्यायालयाने पूर्ण जोर लावावा, असे मी म्हणेन. दुसऱ्यात मला इतकी खात्री नाही, कारण अशी प्रत्येक हरकत मान्य करायची म्हटली तर शिक्षकाला रोज वर्गात पाऊल ठेवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल.