‘उप’ म्हणजे दुय्यम? पाणिनीला विचारा

‘उपमुख्यमंत्रींनी’ की ‘उपमुख्यमंत्र्यांनी’, आणि ‘उप’ म्हणजे दुय्यमच ना, असे दोन प्रश्न आले आहेत. पहिल्याचे उत्तर एका शब्दात: उपमुख्यमंत्र्यांनी. बातम्यांतले ‘मुख्यमंत्रींनी सांगितले’ ऐकून कान किटले. आदर दाखवायला सामान्यरूप मोडावे लागत नाही.

दुसरा प्रश्न रसाळ आहे. ‘उप’चा मूळ अर्थ ‘जवळ’. उपनयन म्हणजे गुरूजवळ नेणे, उपनिषदात जवळ बसणे आहे, उपनगर शहराला लागून असते. यात हलकेपणा कुठे दिसला?

पण खरी गंमत संस्कृत व्याकरणकार पाणिनीकडे आहे. सूत्र आहे ‘उपोऽधिके च’ (१.४.८७). आधीच्या सूत्रातला ‘हीने’ (कमी असल्याच्या अर्थी) इथेही लागू होतो, म्हणून ‘उप’ कमीपणाही दाखवतो आणि अधिकपणाही! ‘काशिका’ या पाणिनीवरच्या जुन्या टीकेतली उदाहरणे पाहा. ‘उप शाकटायनं वैयाकरणाः’: बाकीचे वैयाकरण शाकटायनाच्या खालचे. ‘उप खार्यां द्रोणः’: खारीभर धान्य, वर आणखी एक द्रोण (खारी आणि द्रोण ही धान्याची जुनी मापे). आपण मात्र ‘गौण’ म्हणून मोकळे होतो. हे सूत्र आपण वाचलेच नाही, की वाचून सोयीने विसरलो? इथला ‘उप’ सुटा आहे, समासातला नव्हे, अशी हरकत कोणी घेईल. खुशाल घ्या. समासात शिरताना शब्द आपले अर्थ दाराबाहेर काढून ठेवत नाही.

आणि या पदाकडे बघा ना. राज्यघटनेत उपपंतप्रधान नाही, उपमुख्यमंत्रीही नाही. १९८९ साली देवीलालांनी ‘उपपंतप्रधान’ म्हणून शपथ घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालय म्हणाले, तो शब्द वर्णनापुरता. घटनेच्या लेखी ते इतरांसारखे मंत्रीच. म्हणजे कायद्याने काहीच अधिक नाही. उलट १९७८ साली नाशिकराव तिरपुडे महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री झाले, ते दोन काँग्रेस पक्षांच्या आघाडीत. मुख्यमंत्री वसंतदादा एका काँग्रेसचे, तिरपुडे दुसरीचे. हाच तो खारीवरचा द्रोण! त्याच्यावाचून बहुमताचे माप भरतच नव्हते. आघाडी सरकारांतले उपमुख्यमंत्री आठवून पाहा, ‘हीने’ किती जणांना लागू पडतो आणि ‘अधिके’ किती जणांना.

पेशवा तर फारसीत ‘पुढे असणारा’. छत्रपतींच्या हाताखालच्या मुख्य प्रधानालाही हे नाव बिनतक्रार चालले. इथे दोन अक्षरी ‘उप’वरून मात्र मानापमान.

आणि हो, ‘उप-मुख्यमंत्री’ असे लिहू नका. मधली ती रेघ कुठल्याच सूत्रात बसत नाही.