स्वयंपाकघर : प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही, म्हणून कुकरमध्ये रव्याचा केक करून पाहावा असे मनात आहे. कोणी तळाशी मीठ घालायला सांगते, कोणी वाळू, आणि शिट्टी ठेवावी की काढावी याबाबतही एकमत नाही. रोजचा कुकर यामुळे खराब तर होणार नाही ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होऊ शकतो, आणि म्हणूनच ज्या कुकरमध्ये आपण रोज वरणभात लावता तो या कामासाठी घेऊ नये. आत पाणी असते तोवर कोंडलेल्या वाफेमुळे दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. जास्तीची वाफ शिट्टीवाटे निघून जात असल्याने तापमान त्यापुढे फारसे चढत नाही. कोरड्या कुकरला हा लगाम नसतो. तळ वाकू शकतो, ॲल्युमिनियम मऊ पडू शकते, रबरी रिंग कडक होते आणि पाणी आटले तर वितळावा म्हणूनच झाकणावर बसवलेला सुरक्षा-व्हॉल्व्ह आपले कर्तव्य चोख बजावून निकामी होतो. शिट्टी व रिंग काढून झाकण लावावे असे सर्रास सांगितले जाते, परंतु व्हॉल्व्ह तर झाकणातच राहतो, हे सांगणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

त्यापेक्षा झाकण नीट बसत नाही म्हणून माळ्यावर गेलेला जुना ॲल्युमिनियमचा कुकर खाली काढावा, त्यावर त्याचे झाकण न लावता काठावर सपाट बसणारे जाड ताट ठेवावे, आणि एकदा या कामाला लावलेल्या कुकरवर पुन्हा कधीही शिट्टी चढवू नये. जाड बुडाचे पातेले असेल तर तेही चालेल.

मीठ आणि वाळू यांचे काम एकच, ते म्हणजे आच एका जागी न लागू देता सगळीकडे सारखी पसरवणे. मीठ ८०० अंशांपुढे वितळते, त्यामुळे गॅसवर त्याला काहीच होत नाही. अडचण येते ती नंतर, कारण भांड्यात तसेच राहिलेले मीठ हवेतील ओल धरते आणि ॲल्युमिनियमला खड्डे पाडते. मी चाळून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवलेली वाळूच वापरते. तिचा बोटभर जाडीचा थर पसरून त्यावर जाळीचे स्टँड ठेवावे, रिकामे भांडे मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे, मग केकचे भांडे आत ठेवून आच अगदी मंद करावी आणि पस्तीस-चाळीस मिनिटांनी सुरी खुपसून पाहावे. वरून तांबूस रंग येण्याची वाट मात्र पाहू नये, कारण येथे उष्णता खालूनच लागते. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर भाजताना भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवण्याची जुनी पद्धत आहे, ती याच कारणासाठी.

प्रश्न : पुरणयंत्र होळीला एकदा निघते आणि वर्षभर फडताळात पडून राहते. त्याचा आणखी काही उपयोग होतो का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : चांगलाच होतो. पुरणयंत्र मऊ पदार्थ दाबून जाळीतून काढते आणि साले, बिया, धागे वरच ठेवते, एवढे लक्षात घेतले की उपयोग आपोआप सुचतात. हापूसला त्याची गरज नाही, पण रायवळ आंब्याचा रस त्यातून काढला की धागे वरच राहतात. सारासाठी उकडलेल्या टोमॅटोची साले व बहुतेक बिया अशाच वेगळ्या होतात, आणि चिंचोके काढून भिजवलेल्या चिंचेचा कोळही निघतो. मात्र यंत्र ॲल्युमिनियमचे किंवा पितळेचे असल्यास आंबट पदार्थ त्यात रेंगाळू देऊ नये, लगेच धुवावे. माझ्या मते त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग बटाट्यासाठी आहे. उकडलेला बटाटा मिक्सरमध्ये फिरवला की पात्यांनी त्यातला स्टार्च मोकळा होऊन चिकट खळ होते, तर पुरणयंत्रातून तो मोकळा आणि गुठळ्यांविना पडतो, जे पराठ्याच्या सारणाला हवेच असते. बटाटेवड्यासाठी मात्र हातानेच कुस्करावा. वड्यात बटाट्याचे तुकडे दाताखाली यायला हवेत.

प्रश्न : रवीऐवजी मिक्सरमध्ये विरजलेली साय घुसळते, पण उन्हाळ्यात लोणी नीट जमत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : पाती वेगाने फिरल्याने साय तापते आणि लोण्याचा गोळा न होता ते ताकात पातळच राहते. साय फ्रिजमधून थेट काढावी, मोठ्या भांड्यात निम्म्यापर्यंतच घालावी, त्यात बर्फाचे तुकडे व गार पाणी घालावे आणि मिक्सर सलग न चालवता थांबत-थांबत फिरवावा. थंडीत याच्या उलट, किंचित कोमट पाणी लागते. लोणी सुटून वर आले की लगेच थांबावे.