‘स्मार्ट’चे अकरा लाख, पावतीचे एकवीस

प्रश्न: घोडबंदर रोडला बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये टू-बीएचके बुक केलाय. किंमत १ कोटी ४० लाख. इमारत ‘स्मार्ट प्री-सर्टिफाइड’ म्हणून शेजारच्या टॉवरपेक्षा ११ लाख जास्त. एजंट म्हणतो, ४० हजारांच्या जागी २० टक्के जास्त भाडं येईल. हे ११ लाख वसूल होतील का? २१ लाख भरलेत, त्यात १४ लाख पर्सनल लोन. अ‍ॅग्रीमेंट दिवाळीनंतर करू म्हणालेत.
– एक वाचक, मानपाडा

उत्तर: नाही होणार. गृहकर्जाचं व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं धरली तर ११ लाखांचा महिन्याचा हप्ता साडेनऊ हजार. जीएसटी, मुद्रांक शुल्क मिळून वर सव्वा लाखाहून जास्त. आणि एजंटचं स्वप्न अगदी खरं ठरलं तरी महिन्याचं जादा भाडं ८ हजार!

‘प्री’वर बोट ठेवा. हरित इमारतींच्या रेटिंगमध्ये प्री-सर्टिफिकेशन नकाशांवर मिळतं, अंतिम रेटिंग इमारत उभी राहिल्यावर. ‘स्मार्ट’ला तर एकच माप नाही. यूएल आणि टीआयए या अमेरिकी संस्थांच्या ‘स्पायर’ या स्मार्ट इमारतींच्या रेटिंगमध्ये वीज, आरोग्य, सुरक्षा, कनेक्टिव्हिटी, सायबरसुरक्षा, पर्यावरण असे सहा निकष आहेत. वायर्डस्कोअर या कंपनीचं २०२१ चं ‘स्मार्टस्कोअर’ रेटिंग वेगळं, युरोपीय संघाचा स्मार्ट इमारतींचा निर्देशांक तिसराच. तुमचं सर्टिफिकेट कोणाचं, विचारलंत? ‘अ‍ॅपवरून दिवे लागतात’ हे उत्तर चालणार नाही. सेन्सर बिघडले की एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे सोसायटीच भरणार.

पण मी पत्रातल्या शेवटच्या दोन ओळींपाशी अडकलोय. २१ लाख म्हणजे १५ टक्के. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १३ नुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेताच येत नाही. ७ लाख जादा दिलेत, तेही कर्ज काढून! पर्सनल लोन १३ टक्क्यांनी पाच वर्षांचं धरलं तर १४ लाखांचा महिन्याचा हप्ता ३२ हजार. गृहकर्जाची पात्रता काढताना बँक तो आधी वजा करेल, म्हणजे जवळपास ३७ लाखांचं गृहकर्ज हातचं गेलं. ‘डाउन पेमेंटला पर्सनल लोन घ्या’ हा सल्ला देणाऱ्याने कमिशन खाल्लं असणार, दुसरं काय.

आता एक रुपयाही देऊ नका. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि ताब्याची तारीख तपासा. करारनामा नोंदवून द्या, असं बिल्डरला लेखी कळवा. कार्पेट एरियासोबत त्या ‘स्मार्ट’ सुविधांची यादी करारनाम्यात हवी, ब्रोशरमध्ये नको. टाळाटाळ झाली तर महारेराकडे तक्रार करा, दिवाळीपर्यंत थांबू नका.