खान्देशात नगराध्यक्षपदावरून थेट लोकसभेत पोहोचता येते का?

कायद्याने पोहोचता येते, परंतु खान्देशातील अनुभव पाहता नगराध्यक्षपदाचे बळ लोकसभेला पुरत नाही. वय 25 पूर्ण असणे आणि मतदार यादीत नाव असणे या मुख्य अटी आहेत. खरी अडचण मतदारसंघाच्या आकाराची आहे. लोकसभेच्या एका जागेत विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात आणि नगरपालिकेचे गाव त्यांपैकी एखाद्याचाही केवळ काही भाग असते. शिरपूर नगरपालिकेचे दीर्घकाळ नेतृत्व केलेले अमरीशभाई पटेल 2009 आणि 2014 मध्ये धुळ्यातून लढले आणि दोन्ही वेळा हरले. शिरपूर तालुका धुळे लोकसभा मतदारसंघात नाही, हे इथे फार महत्त्वाचे आहे: तो अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या नंदुरबारमध्ये येतो, तर धुळ्यात मालेगावचे दोन्ही मतदारसंघ आणि बागलाणही आहेत, म्हणजे ज्या मतदारांनी त्यांचे काम प्रत्यक्ष पाहिले, त्यांना त्यांच्यासाठी मतदान करताच येत नव्हते. 2024 मध्ये पारोळ्याचे माजी नगराध्यक्ष करण पवार जळगावातून स्मिता वाघ यांच्याकडून पराभूत झाले; वाघ यांच्यामागे जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद होते, ज्याची ओळख जिल्हाभर असते. आपण याच वाटेने जाण्याचा विचार करत असाल, तर आधी जिल्हा परिषद किंवा विधानसभा गाठावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे सारे लोकसभेपुरते खरे आहे; राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात, त्यामुळे तिथे पक्षाचा निर्णयच मुख्य ठरतो.