स्नोमोबाइल क्लबात नवीन आहात? पहिल्या हंगामापुरतं एवढंच

ग्रूमर, म्हणजे स्नोमोबाइलची (बर्फावरच्या गाडीची) वाट सपाट करणारं यंत्र, चालवायची घाई नको. बर्फ पडायच्या आधी फांद्या छाटायच्या कामाला या, वाट तिथेच पाठ होते. छाटताना साचणाऱ्या बर्फाची उंची धरा. मीटरभर बर्फ बसला की आज डोक्यावरून जाणारी फांदी थेट तोंडावर येते.

ग्रूमिंग शक्यतो रात्री होतं, कारण उलथलेला बर्फ गोठून घट्ट बसायला थंडी आणि काही तासांची शांतता लागते. ग्रूमरच्या मागोमाग गाडी घातलीत तर ओल्या सिमेंटवर चालल्यासारखे चर पडतात आणि तसेच गोठतात. उंचवटेही तळापर्यंत कापावे लागतात. नुसते खड्डे बुजवले तर ते लगेच परत येतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- उभ्या गाडीला एकदम थ्रॉटल देणं. ट्रॅक, म्हणजे गाडीखालचा फिरता पट्टा, जागीच फिरून खड्डा खणतो.
- वाट सोडून शेतात शिरणं. ही सगळ्यात महाग चूक! जमीनमालकाने परवानगी काढून घेतली की अख्खी वाट बंद पडते.
- गोठलेल्या तळ्यावर अंदाजाने जाणं. स्वच्छ, कठीण बर्फ निदान 13 ते 18 सेंटिमीटर हवा, दुधाळ असेल तर दुप्पट.
- जादा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद ट्रॅककडे पोचवणारा पट्टा) न घेता निघणं.

सस्पेन्शन, स्टड (ट्रॅकवरचे पकड देणारे खिळे) वगैरे पुढच्या वर्षी बघू.