मालवणात खानावळ काढतोय, बोर्डाला ‘मोदक’ फॉन्ट चालेल का?

हो, नावाला बिनधास्त वापरा, मेनूकार्डाला मात्र नको. मी इथे फ्लेक्सचंच काम करतो. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा हा फॉन्ट इतका गुबगुबीत आहे की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा जवळपास संपलेलीच, नुसती बारीक रेघ उरते, त्यामुळे फूटभर उंचीचा ‘म’ रस्त्यावरून झकास दिसतो (उकडीचाच वाटतो!) पण तेच ‘सुरमई थाळी’ १२ पॉइंटात छापलंत तर फटी बुजून सगळा काळा गोळा. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, लायसन्स ओपन, म्हणजे धंद्यालाही चालतो. फक्त फाइल कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून) पाठवा, नाहीतर प्रिंटरवाल्याकडे फॉन्ट नसला की ‘चविष्ट’चं ‘चविष् ट’ होतं.