काचेपलीकडच्या सहकाऱ्यास

नागपूर, 26 एप्रिल 2021

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार.

‘कोरोनामुळे श्रवणचाचणीला येणारे रुग्ण निम्मे झाले, मग थकवा दुप्पट कसा?’ हा तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे. त्यापुढे ‘मीच भित्री आहे’ असे तू लिहिले आहेस, ते मला मान्य नाही. साधा मास्क उच्च वारंवारितेचे ध्वनी 3 ते 4 डेसिबलने, तर एन-95 सुमारे 12 डेसिबलपर्यंत दाबतो. ‘स’ आणि ‘श’ नेमके त्याच पट्ट्यातले, आणि ओठही झाकलेले, त्यामुळे समोरच्या आजोबांना ‘साठ’चे ‘आठ’ ऐकू जाऊ नये म्हणून तू दिवसभर ओरडतेस. सतत चढ्या आवाजात बोलले की नुसते समजावले तरी भांडून आल्यासारखे वाटते.

म्हणून आधी घसा वाचव. रुग्णाची माहिती आदल्या दिवशी फोनवर घे, श्रवणयंत्राच्या सूचना मोठ्या अक्षरांत लिहून दे. ऑडिओमेट्रीची, म्हणजे श्रवणचाचणीची, बंद खोली आवाज अडवते तशी हवाही अडवते. दोन रुग्णांमध्ये दार उघडे ठेवून तू बाहेर येऊन बस, मग रांगेतले कितीही कुरकुरोत.

तपासणी राहून गेलेल्या बाळांबद्दल वाटणाऱ्या अपराधीपणाचे मात्र इतके सोपे नाही. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत, हे आपण पाठ केलेले असते. गेल्या वर्षी 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली, एसटी थांबली, आणि गडचिरोलीकडचे एक बाळ, ज्याची पुढची तपासणी ठरली होती, ते येऊ शकले नाही. त्याचे महिने मी रात्री अंथरुणात मोजत असे. घरात कोणाशी बोललो नाही. ऐकू येत नसल्याचे वर्षानुवर्षे लपवणाऱ्या रुग्णांना रागावणारा मी, स्वतःची झोप उडाल्याचे पाच महिने लपवून बसलो. शेवटी धंतोलीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो, तेव्हा त्याने औषधाआधी एवढेच विचारले की बंद पडलेली एसटी तुम्ही चालवत होता काय. हसू आले, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

तुझी झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, तर तू पाच महिने थांबू नकोस. कोणाकडे जावे हे कळत नसेल, तर मी ओळख करून देईन.

रविवारी सकाळी फोन कर, पण व्हिडिओवर. घरात आहोत, मास्क नको. ओठ दिसले म्हणजे दोघांनाही ओरडावे लागणार नाही.

तुझा,
सर